चिनीमातीची दुपटी

समीक्षाच्या घरामागच्या पडवीत फळीवर बाळाच्या दुपट्यांच्या घड्या रचून ठेवलेल्या असत. नवीन आलेलं माणूस हमखास म्हणायचं, "अगं, धुतलेले कपडे इथे मातीत कशाला ठेवलेस?" मग समीक्षा एक घडी उचलून त्याच्या हातावर ठेवायची. ती गार आणि कडक लागली की माणूस दचकून घडी सोडायच्या बेतात यायचं. घडी चिनीमातीची असायची. काठाची टीप, धुऊन धुऊन विरलेला कोपरा, पिळताना पडलेल्या चुण्या, सगळं जिथल्या तिथे. कापड तेवढं नाही.

समीक्षा मूळची देवरुखकडची, डोंगरातल्या वाडीतली. पोरगी चित्रं शिकायला गेली आणि माती शिकून आली, असं तिचे वडील म्हणायचे. एका मैत्रिणीच्या लग्नात तिची आणि रूपेशची ओळख झाली. रूपेश रत्नागिरीला मिऱ्या बंदराजवळ राहणारा, मच्छीमारीच्या लाँचवर इंजिन सांभाळणारा. दोघांनी लग्न केलं तेव्हा रूपेशच्या आईनं, ठमाबाईनं, बरेच दिवस तोंड फुगवलं होतं. ठमाबाई मासळी विकायची. पहाटे बंदरावर जायची, टोपलं भरून बाजारात बसायची आणि तिच्या आवाजानं अख्खी रांग दणाणून जायची. सुनेला बांगडा साफ करता येत नाही, हे कळल्यावर तिनं कपाळावर हात मारला होता. पण सानवी झाली आणि दोघींमधलं बरंचसं निवळलं. नातीला तेल लावायला, शेक द्यायला ठमाबाई दुपारचा बाजार सोडून घरी यायची.

सानवीपायी समीक्षाचं बाहेर जाणं बंद झालं, तेव्हा रूपेशनं तिला पडवीत भट्टी करून दिली. तेलाचं जुनं पिंप कापून, त्याला आतून उष्णता धरणारं अस्तर लावून, खालून गॅसचा बर्नर जोडला. आधी ती कप आणि वाडगे करायची. चिनीमाती कढीसारखी पातळ करून बादलीत ठेवलेली असायची. शिकताना तिला काहीतरी इंग्रजी नाव होतं, पण घरात समीक्षा तिला मातीची कढीच म्हणायची. एकदा सानवीला कडेवर घेऊन काम करता करता खांद्यावरचं दुपटं त्या बादलीत पडलं. काढलं तर जड झालेलं, पांढरंफटक. फेकवेना, म्हणून तिनं त्याची नेहमीसारखी घडी घातली, वाळवली आणि भट्टीत ठेवून दिली. आतलं कापड जळून गेलं आणि घडी राहिली.

भट्टी उघडली त्या दुपारी समीक्षा तिथेच खाली बसली. दिवसातून कितीदा घालायची ती घडी, कुणी बघितलीही नसती. ती आता मोडणार नव्हती. मग तिला वेडच लागलं. आखूड झालेली झबली, लाळेरी, पायमोजे, एकेक करून ती कढीत बुडवायला लागली. फोटो टाकले. ते बघून पुण्याहून वेदिका नावाच्या बाईचा फोन आला. ती कलादालन चालवायची. जानेवारीत प्रदर्शन होतं आणि तिला अशा कपड्यांचा एक पूर्ण कोपरा हवा होता. समीक्षा हो म्हणाली.

एक गोष्ट मात्र तिनं ठमाबाईला कधी नीट सांगितली नव्हती. कापड आत जळतं ही. ठमाबाईला वाटायचं, सूनबाई कपड्याकडे बघून हुबेहूब मातीत घडवते. बाजारातल्या बायकांना ती कौतुकानं तसं सांगायचीही. समीक्षा तिचा हा समज मोडत नव्हती. भट्टी लावायची तर ठमाबाई बाजारात असतानाच लावायची, एवढं मात्र पाळत होती.

सानवी अडीच वर्षांची होऊन गेली तरी बोलत नव्हती. 'आ' म्हणायची, हसायची, हवं ते बोटानं दाखवायची. ठमाबाई म्हणायची, "रूपेश पन उशिरा बोलला. आनि मग गप बसंना." समीक्षा त्यावर हसायची, पण शेजारची त्याच वयाची पोरं 'मला दे', 'मी जातो' म्हणताना ऐकली की ती मोबाईल हातात घ्यायची. शोधत बसायची. कितव्या महिन्यात किती शब्द. वाचून झालं की मोबाईल पालथा घालून ठेवायची, आणि परत उचलायची.

दिवाळीनंतरची गोष्ट. वेदिकाला पाठवायच्या कपड्यांत एक ठसठशीत वस्तू हवी म्हणून समीक्षानं सानवीची कुंची घेतली. ठमाबाईनं आपलं जुनं लुगडं फाडून हातानं शिवलेली. टाके मोठे मोठे, पण एका रेषेत. सानवीला ती आता लहान होत होती. समीक्षानं ती कढीत बुडवली, वाळवली आणि ठमाबाई बाजारात गेल्यावर भट्टी लावली.

त्या दिवशी वारा सुटला होता. लाँचींना मासळी मिळाली नाही आणि ठमाबाई रिकामं टोपलं घेऊन लवकर परतली. भट्टीच्या वरच्या भोकातून पिवळट धूर येत होता.

"काय जळतंय गो? कापडाचा वास येतोय."

ठमाबाईनं आत जाऊन पाहिलं, बाहेर येऊन दोरीवर पाहिलं.

"कुंची कुठाय?"

समीक्षाची नजर भट्टीकडे गेली. तेवढं ठमाबाईला पुरलं. तिनं टोपलं हळूच खाली ठेवलं. बाजारात दणाणणारा आवाज एकदम बसला होता.

"पोरीच्या अंगावरचं कापड आगीत घालतेस? इतकं दीस हेच करतेस?"

"आई, त्याचा आकार राहतो. मी तुम्हाला दाखवते..."

"जित्या लेकराचं कापड जाळतात का गो कुठं?" तिनं सानवीला उचलून छातीशी धरलं. "म्हनून वाचा फुटत नाय हिला. पोरीची वाचा जाळलीस तू."

ती सानवीला घेऊन घरात गेली. समीक्षाला मागून जाता येईना. गॅस चालू होता, भट्टी सोडून हलायची सोय नव्हती. ती संध्याकाळपर्यंत पिंपासमोर बसून राहिली. असल्या गोष्टींवर आपला विश्वास नाही, हे तिनं स्वतःला पुनःपुन्हा सांगितलं. कुंची उत्तम भाजली गेली होती. ठमाबाईचा एकेक टाका उठून आला होता. समीक्षानं ती वर्तमानपत्रात गुंडाळून सगळ्यात खालच्या फळीवर मागे सारली.

यानंतर चारच दिवसांत तिला सानवी पडवीच्या कोपऱ्यात सापडली. मांडीवर डबा, डब्यात पिवळी पूड. बोटं पिवळी, ओठ पिवळे, आणि जीभ बाहेर काढून ती समीक्षाकडे बघून हसत होती.

समीक्षानं तिच्या मांडीवरचा डबा हिसकावला. भांड्यांना चकाकी देण्यासाठी जो लेप लावतात, त्यातला तो रंग होता. बाकीचे रंग ती खात्रीचे घ्यायची. हा एक तिनं ओळखीच्या माणसाकडून आणला होता, बिनचिठ्ठीचा, पिवळा फार सुंदर उतरतो म्हणून. अशा पिवळ्या रंगात शिसं असू शकतं हे ती शिकली होती, परीक्षेत लिहूनही आली होती. शिशानं लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो हेही. मूल उशिरा बोलतं, हेही. आजचं हे पहिल्यांदाच घडलं की आधीही ती इथे बोटं चाटत बसायची? ओंजळभर कोरडी माती खाताना तर तिनं सानवीला कितीदा पकडलं होतं आणि हसून तोंड पुसलं होतं.

ती तशीच सानवीला घेऊन रिक्षानं गावातल्या बालरोगतज्ज्ञांकडे गेली. डॉक्टरांनी तपासलं, घाबरण्यासारखं तूर्त काही दिसत नाही म्हणाले. मग बोलण्याबद्दल विचारलं.

"ऐकू नीट येतं ना हिला?"

"हो, येतं ना," समीक्षा घाईनं म्हणाली. "हाक मारली की बघते. डॉक्टर, तुम्ही रक्तच तपासा. शिसं बघा."

रक्त घेतलं. ते मुंबईला जाणार होतं, यायला वेळ लागणार होता. घरी येऊन तिनं पडवीला कुलूप घातलं. मग ते काढून आत गेली आणि जमीन पुसली. पुन्हा पुसली. फडकं टाकून नवीन घेतलं आणि पुन्हा पुसली. पिवळा डबा पिशवीत, ती पिशवी आणखी एका पिशवीत. पण तो टाकायचा कुठे हे तिला कळेना, कारण कुठेही टाकला तरी कुणाच्या तरी पोराच्या हाती लागेल असं वाटत राहिलं. शेवटी तो माळ्यावर गेला.

रूपेश समुद्रात होता. फोन लागत नव्हता, आणि लागला असता तरी काय सांगणार होती? तुझ्या मुलीला मी विष चारलं? वेदिकाचा फोन आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मला नाही जमणार. घरी अडचण आहे."

"काही तयार आहेत ना?"

"आहेत. पण मी आता मातीला हात लावणार नाही."

वेदिका म्हणाली, "आहेत ते नीट बांधून ठेव. बघू."

ठमाबाई सुनेशी कामापुरतंच बोलत होती. ती आपल्या परीनं मार्ग काढत होती. मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकायची. एका सकाळी सानवीला घेऊन ग्रामदेवतेच्या देवळात गेली आणि समीक्षाही मागोमाग गेली. गुरवानं गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराक वाचा दी..." आणि समीक्षा हात जोडून, डोळे मिटून उभी राहिली. आपण इथे का उभ्या आहोत हे तिनं स्वतःला विचारलं नाही. त्या दिवसांत कुणी काहीही सांगितलं असतं तरी तिनं ते केलं असतं.

रक्ताचा निकाल आला. शिशाचं प्रमाण चिंता करण्याजोगं नव्हतं. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं तेव्हा ती भिंतीला टेकून रडली. पण संध्याकाळपर्यंत नवा घोर लागला. हे नाही, तर मग काय? इतके दिवस निदान भीतीला एक नाव होतं.

आहेत त्या वस्तू बांधून टाकाव्यात आणि या सगळ्याला रामराम ठोकावा, या विचारानं ती दुसऱ्या दिवशी पडवीत बसली. सानवी उंबऱ्याजवळ पाठ करून बसली होती, नारळाच्या खराट्याच्या हिरांशी खेळत. समीक्षा एकेक वस्तू घेऊन बोटाच्या पेरानं वाजवून बघत होती. भाजलेल्या मातीत बारीक चीर असेल तर ती डोळ्यांना दिसत नाही, पण वाजवलं की आवाज बद्द येतो. चांगली भाजलेली वस्तू टणकन वाजते. घड्या बघून झाल्यावर तिनं वरच्या फळीवरचा मोठा वाडगा काढायला हात घातला, आणि तो निसटला.

फरशीवर नव्हे, तो पडला पिंपाच्या पत्र्यावर. एवढा मोठा आवाज झाला की माडावरचे कावळे उडाले आणि शेजारच्या अंगणातून कुणीतरी विचारलं, "काय पडलं गो?"

सानवीनं मान वळवली नाही. ती एक हीर दुसऱ्या हिरात अडकवत राहिली.

समीक्षा तशीच उभी राहिली. मग तिनं बाजूची लोखंडी सळी घेतली आणि पत्र्यावर मारली. जोरात. पुन्हा मारली. सानवी खेळतच होती. "सानवी!" ती ओरडली. "सानू!" काही नाही. मग तिनं नकळत जमिनीवर पाय आपटला, आणि हादरा लागताच पोर मागे वळून हसली.

तेव्हा तिच्या सगळं ध्यानात आलं. 'हाक मारली की बघते' असं तिनं डॉक्टरांना ठामपणे सांगितलं होतं. पण ती नुसती हाक कधी मारतच नव्हती. हाक मारताना पाय वाजवायची, टाळी दाखवायची, खांद्याला हात लावायची, समोर जाऊन बसायची. पोरीनं तिला हे सगळं शिकवलं होतं आणि तिला पत्ताही लागला नव्हता. दिवसरात्र मूल डोळ्यांसमोर, त्याच्या लाळेऱ्याची एकेक चुणी आपल्याला पाठ, आणि हे दिसलं नाही?

ठमाबाई आली तेव्हा ती तिथेच, फुटक्या वाडग्याच्या तुकड्यांत बसली होती. "आई," ती म्हणाली, "हिला ऐकू येत नाही."

ठमाबाईनं तिच्याकडे पाहिलं, मग सानवीकडे. नातीच्या मागे जाऊन उभी राहिली आणि बाजारात देते तशी आरोळी दिली. "ताजी सुरमय हाय, सुरमय!" सानवी हिरांशी खेळत होती. ठमाबाई मटकन उंबऱ्यावर बसली.

रूपेशची लाँच बंदराला लागली आणि दोनच दिवसांनी चौघं कोल्हापूरला गेली. आंबा घाटात सानवीला उलट्या झाल्या, रूपेश खिडकीबाहेर बघत राहिला. दवाखान्यात सानवीला औषध देऊन झोपवलं आणि डोक्याला तारा लावून तपासणी केली. ऋतिका नावाची तरुण ऑडिओलॉजिस्ट होती, तिनं निकाल समजावून सांगितला. दोन्ही कानांनी बरंच कमी ऐकू येतं. यंत्रं लावली तर पुष्कळ फरक पडेल. बोलणं शिकवावं लागेल, धीर धरावा लागेल.

समीक्षाला कधीपासून एक विचारायचं होतं. "मॅडम, मी घरी मातीकाम करते. ही रंग चाटायची. आणि मी हिचे कपडे भट्टीत जाळलेत. त्याचा धूर... म्हणजे त्यानं काही..."

ऋतिकाला धूर आणि कपडे यांचा संबंध नीटसा कळला नाही, पण समोरच्या बाईचा चेहरा कळला. "हे बहुतेक जन्मापासूनचं आहे ताई. कारण कळेलच असं नाही. पण तुम्ही केलेल्या कशामुळे झालेलं नाही."

ठमाबाई दाराशी खुर्चीवर बसली होती. तिनंही हे ऐकलं. नातीच्या पायातला सुटलेला मोजा तिनं वर ओढला, आणि मग दुसरा नीट असूनही तोही वर ओढला.

यंत्र कानात बसावं म्हणून कानाचं माप घ्यायचं होतं. ऋतिकानं मऊ हिरवा लगदा सानवीच्या कानात भरला आणि घट्ट झाल्यावर ओढून काढला. बोटाच्या पेराएवढी वळणावळणाची वस्तू निघाली, शंखाच्या आतल्या भागासारखी. समीक्षा ती हातात घेऊन बघत राहिली. नऊ महिने पोटात वाढवलं, पण कान आतून असा असतो हे कधी पाहिलं नव्हतं. बघता बघता तिच्या मनात आलं, मातीत हे कसं उतरेल? आणि तिला स्वतःचीच लाज वाटून तिनं ते झटकन परत दिलं.

यंत्रं आली, पण सुटका झाली नाही. आता तर काळजीला सुट्टीच उरली नाही. सानवीला यंत्रं नको होती. कानात घातली की ती रडायची, ओढून काढायची, कुठेही फेकायची. आंघोळीला काढा, घाम पुसा, बॅटरी बघा, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यापासून जपा. रूपेश परत लाँचवर गेला होता. समीक्षा रोज सकाळी डबी उघडून आधी मोजायची, दोन्ही आहेत ना? घरात भांडं आपटलं की आधी सानवीकडे बघायची सवय लागली. ती वळली तर जीव भांड्यात पडायचा, नाही वळली की लगेच बॅटरी तपासायची.

एका दुपारी सानवीच्या उजव्या कानातलं यंत्र दिसेना.

गाद्या उलथल्या, केर चाळला, चपला झटकल्या. शेवटी समीक्षाला पडवीचं दार उघडं दिसलं. आत कढीची बादली तशीच होती, इतक्या दिवसांत सायीसारखी दाटलेली. बादलीच्या काठावर पाच लहान बोटांचे पांढरे ठसे होते, आणि सानवी आपला पांढरा हात फ्रॉकला पुसत उभी होती.

"ह्यात टाकलं," समीक्षा म्हणाली. "ओतू का? ओतलं तर तळातलं तळातच चिकटून राहील. आई, काय करू?"

ठमाबाईनं पदर खोचला. ज्या बादलीकडे ती महिनाभर बघायलाही तयार नव्हती, तिच्यापुढे उकिडवी बसली आणि कोपरापर्यंत हात आत घातले. ओहोटीच्या वेळी खाडीच्या चिखलात तिसऱ्या, शिंपल्या काढतात, तशी ती डोळे मिटून तळ चाचपायला लागली. घाई नाही, धांदल नाही. बोटं आतल्या आत फिरत होती.

"बडबडू नको गो. गप ऱ्हा जरा." समीक्षा खरं तर एक शब्दही बोलली नव्हती. "हितं... नाय, हा खडा हाय. थांब."

हात बाहेर आला. चिमटीत पांढरी, ओघळणारी, शेंगदाण्यापेक्षा थोडी मोठी वस्तू. ठमाबाईनं ती स्वतःच्या लुगड्याला पुसली. समीक्षानं बॅटरी काढली, कुंचल्यानं फटीफटीतली माती झाडली, यंत्र तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलं. ते चालेल की नाही कळायला वेळ होता. दोघी तशाच बादलीपाशी बसून राहिल्या. ठमाबाईच्या हातांवरची माती वाळायला लागली होती, तिला चिरा पडत होत्या.

"मऊ हाय गो," ठमाबाई म्हणाली. मग भिंतीकडे बघत म्हणाली, "ती कुंची टाकलीस?"

समीक्षा उठली. खालच्या फळीवरून वर्तमानपत्राची गुंडाळी काढून तिच्यापुढे ठेवली. ठमाबाईनं मातीच्या हातांनी ती उघडली. स्वतःच्याच टाक्यांवरून अंगठा फिरवला. मग एका जागी थांबली. "हितं टाका सुटला होता माझा. तोपन आला." तिनं कुंची परत गुंडाळली. "पन जाळू नको गो पुन्हा तिचं कापड. मला बघवत नाय."

"नाही जाळणार," समीक्षा म्हणाली. तिनं तो शब्द पाळला. पुढे जे काही केलं ते नव्या मांजरपाटावर केलं, सानवीच्या अंगावरच्या कपड्यांवर नाही. तशा वस्तू पहिल्यांइतक्या चांगल्या होत नाहीत हे तिला दिसायचं, आणि ते ती कुणाला सांगायची नाही.

यंत्र तांदळातून काढलं तेव्हा आधी खरखरलं, मग सुरू झालं.

वेदिकानं जागा राखून ठेवली होती. झालेल्या घड्या, झबली, लाळेरी आणि कुंची, एवढं पुण्याला गेलं. पाठवण्याआधी फोनवर वेदिकाला सानवीचं कळलं आणि ती हळहळली. मग म्हणाली, "समीक्षा, हे भिंतीवर लिहूया ना. ऐकू न येणाऱ्या मुलीच्या आईचं काम. लोकांना फार भिडेल."

"नको."

"अगं, पण खरंच आहे ते."

"खरं आहे, पण ते तिचं आहे. मोठी झाली की सांगावंसं वाटलं तर तीच सांगेल." एवढं बोलून तिला धास्ती वाटली, आता ही बाई रागावणार, सगळं परत पाठवणार. वेदिकानं परत पाठवलं नाही. पाटीवर फक्त नाव, गाव आणि 'चिनीमाती' एवढंच लागलं.

समीक्षा पुण्याला एकाच दिवसासाठी गेली. सानवी झाल्यापासून पहिल्यांदाच ती तिला सोडून इतकी लांब आली होती. लोक बघत होते, वाकून वाकून बघत होते, आणि ती कोपऱ्यात उभी राहून घरी फोन करत होती. बॅटरी बदलली का? काढून ठेवलंय का कुठे? एक वयस्क बाई लाळेऱ्यापाशी बराच वेळ थांबली आणि तिनं विचारलं, "हे कापड खरं होतं का हो?" समीक्षा हो म्हणाली. बाईला अजून काहीतरी बोलायचं होतं बहुधा, पण तेवढ्यात समीक्षाचा फोन वाजला आणि ती बाहेर धावली. ठमाबाईचा होता. सानवी जेवली, एवढंच सांगायला.

आता सानवी चौथ्या वर्षात आहे. शब्द येतात, थोडे, अर्धेमुर्धे, घरच्यांनाच कळणारे. आठवड्यातून एकदा तिला बोलणं शिकवायला नेतात. पडवीला जाळीचं दार बसलं आहे आणि रंगांचे डबे कुलपात असतात. कान वाढला की मापाचा साचा सैल होतो, यंत्र शिट्टी मारायला लागतं आणि नवीन करावा लागतो. जुने दोन समीक्षानं ठेवून दिले आहेत. त्यांचं काय करायचं ते तिला ठाऊक नाही, आणि काही करावं की नाही याचाही निर्णय होत नाही.

मध्यंतरी रविवारी ती सानवीला घेऊन बाजारात गेली, ठमाबाईचा डबा द्यायला. यंत्रं लावून पोर तिथे पहिल्यांदाच जात होती. रांगेत शिरल्या शिरल्या चहूबाजूंनी आरोळ्या सुरू झाल्या आणि सानवीनं दोन्ही हातांनी कान गच्च दाबून भोकाड पसरलं. आता ही यंत्रं ओढून काढणार आणि ती खाली मासळीच्या पाण्यात पडणार, म्हणून समीक्षानं तिचे दोन्ही पंजे पकडले.

ठमाबाई टोपल्यामागून उठली. नातीला घेऊन मांडीवर बसवलं, पदरानं तिचे डोळे पुसले. समोर एक गिऱ्हाईक वाकून पापलेट बघत होतं. त्यानं भाव विचारला. ठमाबाईनं नातीच्या डोक्यावरून वाकून अगदी हळू, देवळात बोलतात तसा तो सांगितला.

"काय?" गिऱ्हाईकानं कानाला हात लावला. "जरा मोठ्यानं सांगा की मावशी."